म्हशीच्या ओळखीची जर्सी

सात ऑक्टोबर. काम: पाच जर्सींवर आकडे शिवणे. चार, पाच, सहा, सात, आठ. पुढे लहान, मागे मोठा.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत त्या तारखेखाली एवढंच आहे. मला वहीत लांबलचक लिहायची सवय नाही. खेळाच्या मास्तरणीनं करायचं ते लिहावं आणि झालं की त्यावर काट मारावी. या ओळीवर काट आहे, म्हणजे आकडे शिवून झाले होते. मला आठवतंय, दुपारची जेवणं उरकून मी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत शिलाई मशीन ओढून बसले होते आणि नवरा दारात उभा राहून चौकशी करत होता.

"चारपासून का? एकपासून का नाही?"

"बास्केटबॉलमध्ये तशी पद्धत आहे. पंच एक, दोन, तीन असे गुण बोटांनी दाखवतो. खेळाडूंचे नंबर पण तेच असले तर घोळ होतो."

"तुला कसं माहीत?"

"काल वाचलं."

हे अगदी खरं होतं. मी आमच्या कॉलेजची पहिली बास्केटबॉल प्रशिक्षक. त्या खेळाबद्दल मला जे काही माहीत असायचं ते बहुतेक आदल्या दिवशी वाचलेलं असायचं. आज बऱ्याच कॉलेजांत मला 'बास्केटबॉलच्या मॅडम' म्हणतात. नव्या शिक्षिका सल्ला विचारतात, आणि मी गंभीर चेहऱ्यानं देते. सुरुवात कशी झाली असं कोणी विचारलं की मात्र मी चहा मागवते. आता एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे चहाचा खर्च वाचेल.

मी मुळात कबड्डीची. शाळेत कबड्डी, कॉलेजात कबड्डी, आणि नोकरी लागल्यावर पोरींना शिकवली तीही कबड्डीच. बारा वर्षं सुरळीत चाललं होतं. मग कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याला फाउंड्रीत चांगले दिवस आले आणि त्यानं कॉलेजला बास्केटबॉलचं मैदान बांधून दिलं. सिमेंटची गुळगुळीत फरशी, दोन खांब, दोन फळ्या, दोन रिंगा. उद्घाटनाला प्राचार्यांनी तीन वेळा चेंडू टाकला. तिसरा प्रमुख पाहुण्यांच्या फेट्याला लागला. तेव्हापासून त्या मैदानावर कोणी चेंडू नेला नव्हता.

मैदान रिकामं होतं असं मात्र नाही. कँटीनवाला तिथे मिरच्या वाळत घालायचा आणि एका खांबाला त्यानं कपड्यांची दोरी बांधली होती. बाकीच्या अर्ध्या भागात पोरं दुचाक्या लावायची. ती एवढ्या शिस्तीत लावायची की बाहेरच्या माणसाला ते पार्किंगच वाटावं. प्राचार्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

जून महिन्यात त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, पोरांच्या गाड्या रस्त्यावर लागतात. पोलीस उचलून नेतात. मग पालक माझ्याकडे येतात. मैदान तर पडूनच आहे. मी तिथं पत्र्याची शेड मारायचं म्हणतोय."

"सर, ते खेळाचं मैदान आहे."

"खेळतंय कोण?"

मी म्हणाले, "या वर्षी मुलींचा संघ उतरवते."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. ते म्हणाले, "उतरवून काय उपयोग? उतरायला कुणीही उतरतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सामना जिंका. एकच. जिंकलात तर मैदान तुमचं, हरलात तर शेड माझी."

मी लगेच हो म्हणाले. कबड्डीचं आमचं मैदान मातीचं. जून ते सप्टेंबर त्यात घोटाभर चिखल. सिमेंटची फरशी हातची गेली असती तर माझ्या पोरींनी पावसाळ्यात सराव करायचा कुठे? बास्केटबॉलवर माझं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला फरशी हवी होती.

कबड्डीच्या सात पोरींना गोळा केलं. दोघींनी उड्या मारायला साफ नकार दिला. उरल्या पाच, आणि बास्केटबॉलला एका वेळी पाचच लागतात, तेव्हा मी तो शुभशकुन मानला. पोरींची नावं इथे लिहीत नाही. सगळ्या आता लेकुरवाळ्या आहेत, सासरच्यांच्या वाचनात आलं तर फोन मला येतील. जर्सीवरचे नंबर पुरेत. उंचीनं पाचही जणी एकसारख्या होत्या, म्हणजे ठेंगण्या.

मी मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले, नियमांचं पुस्तक झेरॉक्स करून आणलं आणि पहिला सराव घेतला. कँटीनवाल्यानं आदल्या दिवशी मिरच्या उचलल्या होत्या, पण झाडलं नव्हतं. चेंडू दहा वेळा आपटला आणि सगळं मैदान शिंकायला लागलं. चार नंबर, म्हणजे आमची कॅप्टन, डोळे चोळत म्हणाली, "म्याडम, ह्यो खेळ लईच तिखट हाय."

डोळे धुऊन आल्यावर मी नियम सांगायला घेतले.

"चेंडू हातात धरून पळायचं नाही. आपटत पळायचं."

"आनी समोरची आडवी आली तर?"

"तिला चुकवायचं."

"धरायचं न्हाय?"

"नाही."

"पाय पन न्हाय?"

"काहीच धरायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही."

पाचही जणींनी एकमेकींकडे बघितलं. मग चार नंबर म्हणाली, "मग ह्यात खेळ कुटं हाय?"

ते तरी सुटलं. दोन महिन्यांत त्यांनी एकमेकींना कवळ घालणं, म्हणजे मिठीत धरून अडवणं, सोडलं. खरं संकट मधल्या रेघेचं होतं. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्यानं काहीही करून मधल्या रेघेच्या अलीकडे, आपल्या घरात परत यायचं असतं. परत आला तर जगला. बास्केटबॉलमध्ये नेमकं उलटं. एकदा चेंडू घेऊन रेघ ओलांडली की परत यायला बंदी. आलात तर शिट्टी आणि चेंडू समोरच्यांना. माझ्या पोरींच्या पायांत शाळेपासूनचं 'परत ये' बसलं होतं, आणि ते मीच बसवलं होतं. चेंडू घेऊन वाघिणीसारख्या पलीकडे जायच्या, समोरचीला लांबून हुलकावणी द्यायच्या आणि टाळी मिळवायच्या थाटात पळत परत यायच्या.

"अगं, घरी काय येतेस!"

"म्याडम, शिवून आलो की!"

आता सात नंबर. सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. ती राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातून, बारा-तेरा किलोमीटरवरून, एसटीनं यायची. पहिल्या दिवशी तिनं चेंडू वरून एका पंजात धरून उचलला, किटलीचं झाकण उचलावं इतक्या सहज. व्हिडिओतल्या सहा फुटी बायकांनाही ते जमत नव्हतं. मी तिची बोटं बघितली. लांब नव्हती, पण घट्ट, पक्कडीसारखी.

"काय करतेस गं घरी?"

"म्हस हाय न्हवं. दोन टायम धार मीच काढतो."

"किती वर्षं?"

"चौथीत हुतो तवापास्नं."

मनगट सैल, बोटं मजबूत आणि अंगठ्याचा नेमका दाब. पुस्तकात चेंडू कसा सोडावा याची जी दीड पान माहिती होती, ती या पोरीला एका म्हशीनं शिकवून ठेवली होती. ती रिंगेखाली उभी राहिली की दहातले सात चेंडू आत जायचे. बाकीच्या चौघींचे मिळून दहातले दोन. त्यामुळे आमचे डावपेच सोपे होते: चेंडू सात नंबरला द्या.

अडचण वेळेची होती. पहाटेची धार काढून, डेअरीला दूध घालून ती एसटी धरायची, म्हणजे आठच्या आधी पोचायची नाही. संध्याकाळची धार साडेचार-पाचला, म्हणजे साडेतीनला तिला सोडावंच लागायचं. मी वेळापत्रक समितीकडे आठ ते साडेनऊ मैदान मागायला गेले. समितीचे सर म्हणाले, "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"म्हैस लिहा."

त्यांनी 'तांत्रिक कारण' लिहिलं.

मग स्पर्धेचं पत्र आलं. सामना बारा ऑक्टोबरला दुपारी चार वाजता, आमच्याच मैदानावर. बाद पद्धत, म्हणजे हरलो की संपलं. चार वाजता सामना म्हणजे त्या दिवशी धार दुसऱ्या कोणीतरी काढायची. मी सात नंबरच्या वडिलांना फोन लावला.

"बाई, खेळू दे की पोरीला," ते म्हणाले. "मी काय नको म्हंतोय व्हय? पर म्हशीला कोन सांगनार? हिच्याबिगार कुनाला पान्हाच सोडत न्हाय. कारभारनीला तर शिंगावर घेती. मी मागल्या म्हैन्यात बसलो, तर मला अन् बादलीला दोगास्नी उडिवलं."

"अहो दादा, एका दिवसाचा प्रश्न आहे. काहीतरी करा."

"करतो की. काळजी सोडा."

काय करणार हे मी विचारलं नाही. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक जर्सीची. प्राचार्यांकडे मी आठ जर्सी मागितल्या होत्या. ते म्हणाले, "मैदानात किती खेळतात?" मी म्हणाले, "पाच." ते म्हणाले, "मग पाच." पिवळ्याधमक, बिनबाह्यांच्या पाच जर्सी आल्या. आठ तारखेला त्या पोरींच्या हातात देऊन मी एक सूचना केली. ती मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, कारण पुढे तिचा उल्लेख बरेच दिवस होत राहिला. मी म्हणाले, "चार दिवस घरी घालून बघा. नुसतं बसू नका, हाताचं काम करताना घाला, म्हणजे काखेत काचतंय का ते कळेल."

सात नंबर आज्ञाधारक होती. तिच्या घरी हाताचं काम एकच.

बारा तारखेला दुपारी तीनला मी मैदानावर चुन्यानं रेघा मारत होते. दुचाक्या सकाळीच हटवल्या होत्या. समोरचा संघ येऊन पोचला होता. बारा मुली, सगळ्यांचे एकसारखे ट्रॅकसूट, प्रत्येकीच्या पाण्याच्या बाटलीवर नाव. त्यांच्या प्रशिक्षक सरांच्या गळ्यात दोन शिट्ट्या होत्या. दुसरी कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या चौघी जर्सी घालून खांबाजवळ उभ्या होत्या. पाचवी धावत आली ती पिवळा पंजाबी ड्रेस घालून.

"म्याडम, आलो."

"आलीस ते दिसतंय. जर्सी घाल लवकर."

"कलर त्योच हाय की," ती कुर्त्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"जर्सी कुठं आहे?"

तिनं चपलेनं फरशीवर एक गोल काढला. "आबांच्या अंगात."

मी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "काय म्हणालीस?"

"आबांच्या अंगात हाय, म्याडम. चार दिस मी तीच घालून धार काढली. तुमीच म्हनला हुता, हाताचं काम करताना घाला. आता म्हस त्याच कपड्याला वळकती. काल दुसऱ्या शर्टावर बसाय गेलो तर मलाबी वळखंना. मग आबा म्हनले, जर्सी मी घालतो, म्हंजे तिला वाटंल तूच हाईस. म्याडमकडं दुसरी असंलच."

"तुझा धार काढायचा जुना शर्ट कुठं गेला?"

"आईनं त्याचं फरशी पुसायचं केलं. म्हनली, आता कॉलेजचा नवा आलाय."

गावाकडे हे काही नवल नाही. रोज धार काढणारी बाई परगावी गेली की नवरा तिचं लुगडं अंगाला गुंडाळून बसतो, वासानं म्हैस फसते, आणि गावात कोणी हसत नाही, कारण प्रत्येक घरात ते कधी ना कधी झालेलं असतं. मलाही हे माहीत होतं. फक्त या कामासाठी कॉलेजची जर्सी वापरली जाईल हे मी धरून चालले नव्हते.

मी पंचांकडे गेले. चष्मा लावलेले, शांत गृहस्थ होते. म्हणाले, "कुर्त्यावर खेळता येणार नाही. पुढं-मागं नंबर पाहिजे."

चार नंबरनं बॅगेतून मार्कर काढला.

"लिहिलेला चालणार नाही," पंच म्हणाले. "आणि ओढणीही नको. पाच खेळाडू गणवेशात उभे करा. चार वाजल्यापासून पंधरा मिनिटं थांबतो. तोपर्यंत पाच झाले नाहीत तर समोरचा संघ विजयी."

समोरच्या सरांनी हातातल्या घड्याळाकडे आनंदानं बघितलं.

सव्वातीन झाले होते. मी आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, फोन लावला.

"दादा, जर्सी घेऊन निघा."

"आता कसं निगू बाई? सकाळपास्नं घालून गोठ्यात बसलोय. वळख पटाय नको? आता कुटं माझ्याकडं नीट बघाय लागलीया."

"धार काढली का?"

"साडेचारला काढायची. डेअरी पाचला उगडती."

"आत्ता काढा आणि या."

"आत्ता? तिचा टायम झाला न्हाय."

"दादा, मैदान जाईल हो माझं. सव्वाचारच्या आत तुमच्या पोरीच्या अंगात ती जर्सी नसेल तर इथं पत्र्याची शेड होणार आहे."

पलीकडे जरा वेळ नुसता रवंथाचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "बघतो इचारून."

कोणाला विचारणार होते हे मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण आलं होतं. तीन चाळीसला त्यांचाच फोन आला: "दिलं! निम्मंच दिलं, पर दिलं. निगालो."

चार वाजले. पंचांनी शिट्टी वाजवून दोन्ही संघांना बोलावलं. त्यांच्या बारा, आमच्या चार आणि एक कुर्त्यातली. चार वाजून पाच मिनिटं. समोरचे सर म्हणाले, "मॅडम, वेळ कशाला घालवायचा? तुम्ही सही करून टाका, आम्ही आमच्या वाटेनं जातो."

"सर, तुम्ही पाहुणे. चहा घ्या आधी."

कँटीनवाल्यानं त्यांना चहा आणून दिला. माझ्या सांगण्यावरून उकळता. त्यांची चार मिनिटं त्यात गेली.

चार वाजून अकरा मिनिटांनी फाटकातून मोटरसायकल आत आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, आणि वर मिशाळ, पन्नाशीचे, सात नंबरचे आबा. जर्सी त्यांच्या पोटावर एवढी ताणली होती की सातचा आकडा ओळखू येत नव्हता. खाली विजार, डोक्यावर टोपी. वाटेत फुलेवाडीच्या नाक्यावर पोरांनी त्यांना बघून टाळ्या वाजवल्या म्हणे, आणि यांनी हात वर करून त्या घेतल्या.

"पावनं, सुरू न्हाय न्हवं झालं?" त्यांनी पंचांना विचारलं.

"चार मिनिटं आहेत," पंच म्हणाले.

जर्सी निघेना. घामानं आणि दुधानं अंगाला चिकटली होती. दोन बाजूंनी दोन पोरींनी धरलं, आबांनी हात वर केले, मी मागून ओढलं. आत बंडी होती, नाहीतर सगळाच तमाशा झाला असता. "हळू, बाई, कान जातोय," असं ते म्हणत असतानाच जर्सी फस्सकन सुटून माझ्या तोंडावर आली. त्या वासाचं वर्णन करत नाही. गोठा ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, ज्यांना माहीत नाही त्यांनी जेवायच्या आधी वाचू नये. सात नंबर खेळाच्या सामानाच्या खोलीत पळाली आणि जर्सी घालून परत आली. पंचांनी घड्याळ बघितलं. सव्वाचारला दीड मिनिट कमी.

समोरच्या सरांनी हरकत घेतली. "या खेळाडूच्या अंगाला वास येतोय."

पंचांनी चष्मा वर केला आणि पुस्तक काढलं. दोन पानं उलटली. "रंग एक आहे, नंबर पुढं-मागं आहे, जर्सी आत खोचली आहे. वासाबद्दल काही दिलेलं नाही."

सामना सुरू झाला. चांगला झाला असं मी म्हणणार नाही. पहिल्या डावात आमच्या पोरी सहा वेळा रेघेवरून परत घरी आल्या आणि सहा वेळा शिट्टी वाजली. आठ नंबरनं समोरच्या मुलीला सवयीनं कंबरेत धरून खाली बसवलं, मग चूक लक्षात येऊन तिला उचलून उभं केलं आणि तिचे कपडे झटकून दिले. त्याचीही शिट्टी. त्यांच्या बारा जणी आलटून पालटून ताज्यातवान्या यायच्या, आमच्या त्याच पाच. पण त्यांचे नेमही काही खास नव्हते, आणि एक गोष्ट त्यांना अजिबात जमेना. सात नंबरच्या जवळ जाणं. तिला अडवायला ठेवलेली उंच मुलगी दोन हात अंतर ठेवून, मान एका बाजूला वळवून उभी राहायची. सर बाहेरून ओरडायचे, "जवळ जा, चिकट तिला!" ती म्हणायची, "सर, तुम्ही जा!"

त्या दोन हातांच्या अंतरात सात नंबर निवांत उभी राहायची, अंगठ्याचा दाब द्यायची आणि चेंडू आत जायचा. मध्यंतराला आम्ही दहा, ते बारा.

शेवटच्या डावात प्राचार्य आले. त्यांना कोणीतरी फोन केला होता की तुमच्या कॉलेजची जर्सी घालून एक मिशीवाला विद्यार्थी दूध घालत हिंडतोय. ते चौकशीला आले आणि कठड्याजवळ थांबले. आबांनी त्यांना आपल्या शेजारी जागा करून दिली.

"ती सात नंबर माझी," आबा म्हणाले. "तुमचं कोन हाय ह्यात?"

"कॉलेज माझं आहे," प्राचार्य म्हणाले.

"बरं हाय," आबा म्हणाले. "मैदानावर पत्रं टाकताय म्हनं. जरा तिकडं बाजूला टाका की. पोरी खेळत्यात हितं."

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मी मैदानाकडे बघितलं.

शेवटचं अर्धं मिनिट. ते सोळा, आम्ही पंधरा. चेंडू पाच नंबरकडून सात नंबरकडे आला. तिनं आपटत आपटत मधली रेघ ओलांडली. समोरून त्यांच्या दोघी आल्या. श्वास रोखून आल्या असाव्यात, कारण या वेळी खरंच जवळ आल्या. आणि मला सात नंबरचा डावा पाय दिसला. तो मागे वळायला लागला होता. बारा वर्षं कबड्डी शिकवलेली मी, तो पाय काय करणार हे मला तिच्या आधी कळलं.

"घरी येऊ नको!" मी ओरडले.

आमच्या चौघी ओरडल्या, "घरी येऊ नगंस!" कँटीनवाला ओरडला. आणि कठड्यावरून आबांचा आवाज आला, गावातून शेतापर्यंत पोचणारा, "घरी आलीस तर बघ!"

तिचा पाय रेघेच्या पलीकडेच, वीतभर राखून थांबला. ती वळली, दोघींच्या मधून खाली वाकून गेली, रिंगेखाली उभी राहिली आणि चेंडू सोडला. तो रिंगेवर दोनदा फिरला आणि आत पडला. सतरा. त्यांनी चेंडू आत घेऊन पुढे फेकेपर्यंत पंचांची शिट्टी झाली.

पोरींनी एकमेकींना कवळ घातली. आता त्याला शिट्टी नव्हती. समोरच्या सरांनी माझ्याशी हात मिळवला आणि नंतर स्वतःचा हात हुंगून बघितला. आबांनी किटली उघडून पंचांना विचारलं, "पावनं, कप हाय का? ताजं हाय." सामना संपला होता, त्यामुळे पंचांना आता कोणाचं काहीही घेता येत होतं. ते दोन ग्लास प्यायले आणि म्हणाले, दूध चांगलं आहे. उरलेलं आबांनी दोन्ही संघांना वाटलं. डेअरी एव्हाना उघडली होती, पण ते म्हणाले, निम्म्या दुधाची पावती कोण करत बसतंय.

त्या सगळ्या गर्दीत मी प्राचार्यांना गाठलं.

"सर, जिंकलो."

"हो, हो. छान. बघितलं ना मी."

"मग मैदान?"

"बघू," ते म्हणाले, आणि गाडीकडे निघाले.

प्राचार्यांच्या 'बघू'चा अर्थ बारा वर्षांत मला नीट कळला होता. पोरी मला खांद्यावर उचलायला लागल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "खाली ठेवा, मला घरी जाऊन अर्ज लिहायचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कॉलेजात गेले. 'बास्केटबॉलचे मैदान कायमस्वरूपी खेळासाठी राखून ठेवणेबाबत' असा अर्ज, खाली मंजुरीची ओळ मीच टाइप केलेली, दोन प्रती. प्राचार्य गाडीतून उतरत होते. बॉनेटवर कागद ठेवून दोन्ही प्रतींवर सही घेतली. मग आवक-जावकच्या क्लार्ककडे जाऊन शिक्का मारून घेतला, नंबर टाकून घेतला, एक प्रत त्यांच्याकडे ठेवली, एक माझ्या पर्समध्ये. मग मैदानावर गेले. तिथे सकाळी सकाळी नऊ दुचाक्या लागल्या होत्या. मी एका टोकापासून सुरुवात करून नऊही गाड्यांची हवा सोडली.

सहावी गाडी आवक-जावकच्या क्लार्कची निघाली. ते धावत आले.

"अहो मॅडम, हे काय?"

"आत्ताच नाही का तुम्ही शिक्का मारला?"

त्यांनी हवा भरायला काहीतरी द्या म्हणून गयावया केली, तेव्हा मी स्टोअरमधला चेंडूत हवा भरायचा पंप काढून दिला. त्या बारीक सुईनं गाडीच्या चाकात हवा जात नाही हे त्यांना कळेपर्यंत आमचा सराव आटोपला होता.